तवनाप्पांनी खाण पाहिली

निपाणीच्या बाजारात तवनाप्पांचं नाक प्रसिद्ध होतं. तंबाखूच्या बोदात, त्या गच्च बांधलेल्या गाठोड्यात, हात घालायचा, चिमूटभर चुरा नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि माल किती मुरलाय ते सांगून मोकळं व्हायचं. ज्याच्या गोदामात माल पडून असतो तो व्यापारी भक्कम, विकायची घाई झालेला कच्चा, हे त्यांचं ठाम मत. तंबाखूपुरतं ते खरंही होतं. पण माणूस तंबाखूपाशी थांबतो थोडाच!

सोन्याच्या एका नव्या खाणीचे शेअर स्वस्तात मिळत होते. बेळगावात नोकरीला असलेल्या मुलीनं, अनुराधानं, फोनवर बजावलं, "आप्पा, खाणीतनं सोनं कधी आणि किती निघणार त्याचा अहवाल आलाय. पयला त्यो वाचू या."

"कागद वाचून तंबाखू घेतलाय का कुणी? मी बघून येतो."

आणि खरोखरच बसनं गेले. रखवालदारानं आत सोडलं नाही, म्हणून कुंपणाबाहेर उभे राहिले. आत दगडांचा हा मोठा ढीग. ना माणूस, ना यंत्र. ढिगावर गवत उगवलेलं. तवनाप्पांनी कुंपणालगतचा एक खडा उचलला, सवयीनं वास घेतला, खिशात टाकला आणि समाधानानं परत फिरले.

"लई दमाची माणसं हायत," घरी पाय धुता धुता ते बायकोला म्हणाले. "एवढा माल उघड्यावर हाय, पण इकायची घाई न्हाय. मुरू देत्यात."

"सोनं मुरतंय व्हय?" कमलानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी कमलाच्या आईनं दिलेल्या पाटल्या सराफाकडं गेल्या आणि त्यांचे शेअर झाले. अनुराधाच्या लग्नाआधी नव्या घडवून देतो, असा शब्द तवनाप्पांनी दिला. मनगटाला साबण लावून कमलानं पाटल्या उतरवल्या.

दसऱ्याला अनुराधा आली आणि तिनं अहवाल वाचून दाखवला. "आप्पा, त्यो ढीग मालाचा न्हाय. सोनं न्हाय म्हणून बाजूला टाकल्याला दगड हाय त्यो. सोनं काढायचा कारखाना तर अजून उभाच न्हाय."

तवनाप्पांनी खिशातला खडा काढून पुन्हा हुंगला. शेअर विकायला काढले, तर घ्यायला कुणी नव्हतं.

त्या रविवारी जैन बस्तीत, म्हणजे देवळात, अभिषेक होता. शेजारच्या गुणाबाईंनी भर बायकांत कमलाचं मनगट धरलं. "आक्का, पाटल्या कुठं गेल्या तुमच्या?"

साऱ्या बायका वळल्या. खांबाशी उभे असलेले तवनाप्पा खांबाआड सरकले. निपाणीभर त्यांची शोभा व्हायला एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते बोलायचा पुरा हक्क कमलाला होता.

कमलानं काचेच्या बांगड्या सारख्या केल्या. "मुरायला ठेवल्यात," ती म्हणाली.

गुणाबाईंना काही कळलं नाही. तवनाप्पांना मात्र भरून आलं. एरवी घाईनं पुढं निघणारा हा माणूस त्या दिवशी घरापर्यंत बायकोच्या मागून चालत गेला.