पाट्यांवर वाळवलेला मोह

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका आरोग्य उपकेंद्रात सौर पाट्या, बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर सांभाळायला मला नेमलं होतं. गावात तारेची वीज नव्हती. त्या पाट्यांवर लसींचा एक फ्रिज चाले आणि माझा रुबाब.

चैत्रात बाया मोह वेचून आणत. अंगणात पसरला की डुकरं खात. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "भाऊ, छपरावरच्या तुह्या काचा लय तापते. तिथी मोह वाळवू का?"

"वाळवा ना बाई! उन्ह काय माह्या बापाचं हाय?"

बदल्यात मूठभर मोह मला मिळे. अर्ध्या पाट्या झाकल्या म्हणजे वीजही अर्धी, हे मी शिकलो होतो. पण तोंडात मोह असला की डिप्लोमा आठवत नाही.

चार दिवसांनी इन्व्हर्टर ओरडायला लागला.

"हे काऊन चिल्लावून राह्यलं?" नर्सबाईंनी विचारलं.

"लाडावलं हाय, बाई."

बॅटरी फार उतरली की ती वाचवायला इन्व्हर्टर आधी ओरडतो, मग बंद पडतो. मी छपरावर चढून पाहायचं सोडून त्यालाच खोटं ठरवलं आणि एक तार जोडून त्याची ती सोयच बंद केली. "पाहा, कसा गप बसला!" म्हणालो आणि दोन दिवस घरी निघून गेलो.

परतलो तो लसीकरणाचा दिवस होता. फ्रिज कोमट. बॅटऱ्या इतक्या निचरल्या होत्या की चार्जच धरेनात. नर्सबाई लसीच्या बाटल्या बादलीत टाकत होत्या. दारात एक बाई उभी होती, पोर पाठीशी बांधलेलं. डोंगरापलीकडून चालत आलेली.

"मशीन बिघडली," मीच तिला सांगितलं. "पुढच्या महिन्यात या."

बिघडवली म्हणायला जीभ वळली नाही.

महिन्यानं नव्या बॅटऱ्या आल्या. मोह हटला, पाट्या मी स्वतः पुसल्या. ती बाईही आली. पाठीवर पोर होतं, पण दुसरंच.

"हे बहिणीचं," ती नर्सबाईंना म्हणाली. "माह्यं गोवरात गेलं."

नर्सबाईंनी सुई हातात घेतली. पण बाईनं पोर पुढे केलं नाही. आधी माझ्याकडे वळून विचारलं, "मशीन सुधरली ना, भाऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच फक्त तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

"सुधरली, बाई," मी म्हणालो.

तिनं पोर पुढे केलं.