विनिफ्रेडने लिहिलेले सात

हडर्सफील्डच्या बाजारात माझा वजडीचा गाळा होता. शेजारी विनिफ्रेड ॲक्रॉइडचं गाण्यांच्या तबकड्यांचं आणि गिटारच्या तारांचं दुकान. नवरा गेल्यावर तिने ते एकटीने चालवलं. कुणी भिकार गाणं मागितलं तर ती विकायची, पण पिशवीत घालताना वाकडं झालेलं तोंड लपवायची नाही.

टेन्टरहिल हा आमच्याच गावचा बँड, सगळी गिरणीकामगारांची पोरं. पहिली एलपी निघाली तेव्हा खुद्द ती काढणाऱ्या कंपनीलाच तिचं काही पडलेलं नव्हतं. विनिफ्रेडने ती वर्षभर रोज दुकानात वाजवली. एकेक गाणं वीस वीस मिनिटांचं; वजडी धुता धुता मला ती सगळी पाठ झाली. रेडिओवाले त्यांना विचारत नसत, कुठलं गाणं कधी गाजलं नाही, तरी पाचव्या एलपीपर्यंत देशभरातले हॉल भरू लागले. गायक क्लाइव्ह हर्स्ट तिला मावशी म्हणे. ही पोरं कुणाच्या पाया न पडता मोठी झाली, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

एकोणऐंशी सालच्या नोव्हेंबरात त्यांनी एक सिंगल, म्हणजे एकाच गाण्याची छोटी तबकडी, काढलं. तीन मिनिटांचं, टाळ्याबिळ्या घातलेलं. विनिफ्रेडने ते एकदा ऐकलं आणि परत पाकिटात घालून ठेवलं.

तेव्हा देशातल्या काही दुकानांना एक वही दिलेली असे. विकलेल्या प्रत्येक तबकडीचा नंबर तिच्यात लिहायचा. त्यावरून आठवड्याच्या गाजलेल्या गाण्यांची क्रमवारी ठरे. वही कुणाकडे आहे हे गुपित होतं, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. विनिफ्रेडकडे होती.

कंपनीचा माणूस आला. वीस एलपी फुकट आणि वर एक चकचकीत सॅटिनचं जॅकेट. बदल्यात वहीत थोडे जास्त आकडे. तिने एलपींसकट त्याला बाहेर काढलं. जाता जाता तो म्हणाला की क्लाइव्हला हे सगळं माहीत आहे. तिचा विश्वास बसला नाही.

गुरुवारी क्लाइव्ह स्वतः आला. नेहमीसारखी माझ्याकडे व्हिनेगर घालून बशीभर वजडी खाल्ली, तोंड पुसलं आणि तिच्याकडे गेला. हातात तेच जॅकेट होतं.

"मावशी, सगळेच करतात. तुझ्या एका पानाने काय बिघडणार आहे?"

"किती लिहू?"

"साठ."

"सात विकल्यात. त्यातली एक तुझ्या आईने नेली."

तो हसला. मग खाली बघत म्हणाला, "पाच एलपी झाल्या, तरी सासुरवाडीची माणसं विचारतात, तुझं गाजलेलं गाणं कुठलं? काय सांगू त्यांना?"

"तो कंपनीवाला पोटासाठी करतो. त्याचा मला राग आला," ती म्हणाली. "तुझी किळस येते, क्लाइव्ह."

तो गेला. जॅकेट मात्र गल्ल्याजवळच सोडून गेला. विनिफ्रेडने माझ्याकडून वजडी उचलायचा चिमटा मागून घेतला, बाही चिमट्यात धरून ते कचऱ्याच्या पिंपात टाकलं, आणि चिमटा गरम पाण्याने धुऊन परत दिला. मग वही उघडून सात लिहिले.

इतर दुकानांनी हात आखडला नाही. गाणं एकतिसाव्या नंबरावर चढलं. पंधरवड्याने कुणीतरी वह्या ताडून पाहिल्या, बनाव उघड झाला आणि ते यादीतून काढून टाकलं. पेपरात चार ओळी आल्या. हॉल मात्र भरतच राहिले. लोक त्या गाण्यासाठी येत नव्हतेच. वसंतापासून त्यांनी ते वाजवणंही सोडलं.

पुढच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं क्लाइव्हने पाठवली. विनिफ्रेडने ती मला दिली. मी जाऊन आले, फार छान वाजवलं म्हणून सांगितलं.

"वाजवणारच," ती म्हणाली. "तेच तर. मग खोटे आकडे कशाला हवे होते?"

त्यांच्या एलपी ती विकत राहिली, पण दुकानात परत कधी लावल्या नाहीत. दोनेक वर्षांनी मी म्हटलं, आता पुरे कर, पोर आहे आपलं. ती म्हणाली, "राग केव्हाच गेला गं. ही मळमळ जात नाही, त्याला मी काय करू?"

क्लाइव्ह अधूनमधून गिटारच्या तारा घ्यायला यायचा. तारा गावात दुसरीकडेही मिळत. ती तारा कागदात गुंडाळी आणि त्याच्याकडे न बघता विचारी, "सुटे आहेत का, मिस्टर हर्स्ट?"