वाहन मालकाच्या जबाबदारीवर

विमा सर्वेयर म्हणून माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या बुडालेल्या, जळालेल्या आणि ठोकलेल्या गाड्या बघण्यात गेली. मालक रडकुंडीला आलेला असायचा आणि मी त्याला पॉलिसीतलं कलम दाखवायचो. लोक मनातल्या मनात मला काय काय म्हणत असतील याची कल्पना होती, पण त्यामुळे माझी झोप कधी उडाली नाही. मी कोणाचं वाईट करत नव्हतो, जे झालं तेवढंच लिहीत होतो. निदान माझी समजूत तशी होती.

निवृत्त झाल्यावर मी कॅराव्हॅन घेतली तेव्हा आमच्या वाडीची चांगलीच करमणूक झाली. विहिरीपलीकडे, केळींना खेटून ती लांबलचक पांढरी गाडी उभी राहिली आणि येणारा-जाणारा आत डोकावायला लागला. आत पलंग, बेसिन, छोटा फ्रिज, संडास. "एवढं घर असताना चाकांवरचं घर कशाला?" असं शेजाऱ्याने दोनदा विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर बायकोचं दुखणं चव्हाट्यावर मांडावं लागलं असतं.

तिच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. तिचं डायलिसिस पोटातलं असतं, घरीच करायचं. पोटात बसवलेल्या नळीतून दिवसातून चार वेळा औषधी पाणी आत सोडायचं आणि काही तासांनी काढून टाकायचं. त्यासाठी मशीन लागत नाही, स्वच्छता मात्र कमालीची लागते. दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. एकदा कुठेतरी चूक झाली आणि पोटात जंतुसंसर्ग होऊन ती बारा दिवस दवाखान्यात होती. तेव्हापासून आम्ही परक्या घरात मुक्काम करणं सोडलं. कॅराव्हॅनच्या मागच्या भागात, पडद्याआड, तिने तिची जागा केली. गाडीच्या दोन्ही दारांवर तिने स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला: चपला बाहेर काढाव्यात.

तिची थोरली बहीण आजऱ्याकडच्या एका कॉन्व्हेंटात सिस्टर आहे. ऑगस्टमध्ये तिने नन म्हणून घेतलेल्या व्रतांना पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. तिला गुडघ्यांमुळे वसईला येता येत नाही, हिला पोटामुळे तिकडे जाता येत नव्हतं. चार वर्षं दोघी फोनवरच भेटत होत्या. "एवढं एकदा नेऊन आणा मला," बायको म्हणाली. ती सहसा काही मागत नाही. त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

जुलैत गाडीचं छत गळायला लागलं आणि पाण्याची टाकीही झिरपायला लागली. ज्याच्याकडून गाडी घेतली तो डीलर वसईच्या पूर्वेला, हायवेलगत आहे. तिथे दहा दिवस गाडी ठेवावी लागणार होती. आम्ही दोघं सोडायला गेलो.

गाडी ताब्यात घेताना त्यांनी जो कागद दिला त्याच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं: वाहन मालकाच्या जबाबदारीवर उभे केले आहे, आतील वस्तूंना आम्ही जबाबदार नाही. असले कागद मी हजारदा वाचले होते. फक्त आजवर ते दुसऱ्यांचे होते. माझी स्वतःची पॉलिसी चोख होती. गाडीतला प्रत्येक बदल मी आरटीओत आणि विमा कंपनीत नोंदवला होता, त्यामुळे चोरी, आग, पूर यांचं मला फारसं भय नव्हतं. पण पडद्याआडची जागा घाण झाली तर त्याला कुठल्या पॉलिसीत कलम असणार? मी मॅनेजरला त्यांच्या गॅरेजची विमा पॉलिसी दाखवायला लावली. आतल्या वस्तूंची तीन पानी यादी त्याला वाचून सही करायला लावली. सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या वॉचमनच्या केबिनमध्ये उघड्या फळीवर टांगलेल्या होत्या, त्यावर मी लेखी हरकत घेतली.

"सर, एवढं आजपर्यंत कोणी विचारलं नाही," मॅनेजर म्हणाला.

"म्हणूनच आजपर्यंत एवढे क्लेम नाकारले गेले," मी म्हटलं. त्याला विनोद कळला नाही. तसा तो विनोद नव्हताच.

माझं हे चाललं असताना बायको वॉचमनशी गप्पा मारत बसली होती. साठीचा माणूस, जवळच्याच मिठागरांच्या गावातला, पूर्वी मिठाचा ट्रक चालवायचा. ती त्याला बहिणीचं, कॉन्व्हेंटचं, सगळं सांगत होती. मला ते आवडलं नाही. ज्याच्या हाताशी किल्ल्या आहेत त्याला आपण कधी कुठे जाणार हे सांगू नये. निघताना मी त्याला माझा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि बजावलं, "काही झालं तर आधी मला फोन. गाडीला हात लावायचा नाही."

"नाय लावनार, सायेब," तो म्हणाला.

आठव्या दिवशी, शनिवारी, पावसाने जो जोर धरला तो सोडेना. रविवारी सकाळी आम्ही छत्र्या सांभाळत चर्चमध्ये मिस्साला गेलो. घरी येऊन चहा घेतो तोच व्हॉट्सअॅपवर फोटो यायला लागले, पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीकडच्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी. डीलरचं ऑफिस रविवारी बंद असतं, तिथे कोणी फोन उचलेना. पूर्वेला जायची सोयच नव्हती. दुपारी औषधी पाण्याची पिशवी जोडायच्या आधी बायकोने विचारलं, पडद्याआड पाणी शिरलं असेल का, तेव्हा मी पुन्हा डीलरचा नंबर लावला.

सोमवारी पाणी उतरल्यावर मी गेलो. आवारातल्या पाच-सहा गाड्यांच्या काचांवर अर्ध्यापर्यंत गाळाची रेघ होती. आमची कॅराव्हॅन मात्र तिच्या जागेवर नव्हती. ती शोरूमसमोरच्या चढावर उभी होती, कोरडी ठणठणीत. मी दार उघडलं. ड्रायव्हरच्या सीटपाशी चिखलाची दोन पावलं होती, अनवाणी. पडदा जसाच्या तसा ओढलेला, मागे एक डागही नाही. मी सवयीने सगळ्याचे फोटो काढले.

"वॉचमनने वर घेतली काल," मॅनेजर म्हणाला. "एकच गाडी घेता आली. तोवर पाणी वाढलं."

"त्याच्याकडे लायसन्स आहे?"

मॅनेजरचा चेहरा पडला. लायसन्सची मुदत कधीच संपली होती. मला जे हवं होतं ते मिळालं, असंच म्हणायला हवं. विनापरवाना माणसाने गाडी चालवली, वाटेत काही झालं असतं तर माझी चोख पॉलिसी रद्दीच्या भावात गेली असती. वॉचमन घरी गेला होता. मी तिथेच टेबलाशी बसून दीड पानी पत्र लिहिलं. नुकसान झाले नाही हा योगायोग आहे, नियमभंग झाला ही वस्तुस्थिती आहे. मला कोणतीही पूर्वकल्पना न देता अनधिकृत व्यक्तीने वाहन हलवले. वाक्यं आपोआप येत होती. पोच घेतली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, गाडी वाचली. ती चक्क रडली. वॉचमनने वर घेतली हेही सांगितलं, पत्राचं सांगितलं नाही.

चार दिवसांनी डीलरचं उत्तर आलं. योग्य ती कारवाई करण्यात आली आहे. मी ते फाइलला लावलं. कारवाई म्हणजे नेमकं काय, हे मी विचारलं नाही. नोकरीतही कधी विचारलं नव्हतं.

गाडी दुरुस्त होऊन आली. बायकोने पडद्याआडचा कोपरा तीनदा पुसला आणि आम्ही निघालो. वाटेत एक मुक्काम केला. ठरलेल्या वेळी गाडी बाजूला घ्यायची, काचा बंद करायच्या आणि मी बाहेर उभं राहायचं. संसर्ग झाला नाही, ताप आला नाही. कॉन्व्हेंटच्या फाटकात थोरली काठी टेकत उभी होती. दोघी बहिणी एकमेकींना धरून इतका वेळ उभ्या राहिल्या की मी उगाच टायर तपासत बसलो. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

समारंभानंतर संध्याकाळी बायको माझ्या फोनवर बहिणीला फोटो दाखवत होती. मागे सरकवता सरकवता त्या पावलांचे फोटो आले.

"हे काय गं?" सिस्टरने विचारलं.

बायकोने फोटो मोठा केला. "वॉचमन चढला होता ना पाण्यातून, त्याची पावलं," ती म्हणाली. मग त्यावर बोट ठेवून, "बघ, चपला काढून चढलाय. दारावर माझा कागद होता, तो वाचून."

"पुरात चपला वाहून जातात," मी म्हटलं.

"मग पडद्यामागे का नाही गेला?" ती म्हणाली. मी तो फोटो पुरावा म्हणून काढला होता. अनवाणी हा शब्द पत्रातही लिहिला होता. तो नुसताच लिहिला होता.

परतताना तिने आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पाच किलोंची पिशवी घेतली, वॉचमनसाठी. "घरी जायच्या आधी त्याच्याकडे थांबू," असं तिने वाटेत तीनदा सांगितलं. मी प्रत्येक वेळी मान हलवली.

डीलरच्या फाटकावर कुठल्याशा एजन्सीचा, कडक गणवेशातला माणूस होता. "वो अंकल को निकाल दिया," तो म्हणाला. "किसी कस्टमर ने लिख के कम्प्लेंट किया था."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. वसईत लिहून तक्रार करणारी माणसं पुष्कळ असतील, पण तिला एकच माणूस ठाऊक होता. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती गाडीत जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "त्याला फोन लावा."

"नंबर नाही माझ्याकडे. मी त्याला दिला होता, त्याचा घेतला नव्हता."

"त्याने केला असेल."

मी फोन काढला आणि त्या रविवारपर्यंत मागे गेलो. एकाच अनोळखी नंबरावरून दोन मिस्ड कॉल, आठ वाजून चाळीस आणि आठ वाजून त्रेचाळीस. मिस्साच्या वेळेचे. चर्चमध्ये मी फोनचा आवाज बंद करून तो खिशात ठेवतो आणि दुसऱ्यांचे वाजले की कपाळाला आठ्या घालतो. ते कॉल मी त्याच दिवशी पाहिले होते. अनोळखी नंबरांना मी उलट फोन करत नाही.

कोणतीही पूर्वकल्पना न देता, असं मी लिहिलं होतं आणि खाली सही केली होती. मला स्वतःची लाज वाटली.

मी नंबर लावला. दुसऱ्या रिंगला त्याने उचलला. मी कोण ते सांगितलं.

"हां सायेब. पानी आत नव्हतं ना गेलं?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही फोन केला होता दोनदा. मी उचलला नाही. आणि ते पत्र... ते मीच लिहिलं होतं."

"म्हाईत हाय मना. वाचून दावला त्यांनी."

मी क्षमा मागायला शब्द जुळवत होतो. आयुष्यभर कलमांच्या भाषेत लिहिल्यामुळे ते पटकन सापडेनात. तेवढ्यात त्यानेच विचारलं, "बाई गेल्या का मंग भैनीकडं?"

"जाऊन आली," मी म्हटलं आणि फोन बायकोच्या हातात दिला.