मंदाताईंचं फोल्डर

मशीन अडलं की बंद करून पुन्हा चालू करायचं, या एकाच मंत्रावर मी नोकरीची उमेदीची वर्षं काढली... त्यामुळे भूतखेत, अतृप्त आत्मे वगैरेंना माझ्याकडे कधी थारा नव्हता. आजही नाही म्हणा. पण एका गोष्टीपुढे माझं डोकं चालत नाही, ती सांगतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट. रबाळ्याला आमची मशीन बनवणारी कंपनी आणि मी तिथला एकुलता एक कॉम्प्युटरवाला. लोक सगळं काम डेस्कटॉपवरच ठेवायचे आणि हार्ड डिस्क उडाली की माझ्या नावाने शिमगा करायचे. म्हणून ठरलं, प्रत्येकाचा डेस्कटॉप यापुढे सर्व्हरवरच ठेवायचा. मी तिथे ज्याच्या त्याच्या नावाचं रिकामं फोल्डर बनवलं. कॉम्प्युटर पुरवणाऱ्या व्हेंडरचा इंजिनीअर नीलेश एकेका मशीनच्या फायली त्यात कॉपी करणार आणि मग ते मशीन फॉरमॅट करून, म्हणजे पार पुसून, नव्याने लावणार.

निम्म्या मशीन्सची कॉपी झाली आणि दसरा आला. आमच्याकडे लेथपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांची पूजा व्हायची. लोकांनी मॉनिटर सोडवून, पुसून एका टेबलावर मांडले, झेंडूच्या माळा घातल्या आणि पेढे खाऊन दुपारी घरी गेले. मेन स्विच मीच पाडला, सर्व्हरसकट सगळं बंद. सुट्टीनंतर ज्याच्या हाती जो मॉनिटर आला तो त्याने जोडला... आणि मशीनचे नंबर नेमके मॉनिटरवर चिकटवलेले होते.

नीलेशने नंबर बघून कॉपी झालेली मशीन्स फॉरमॅट केली. त्यात दुसऱ्याचा मॉनिटर लागलेलं मंदाताईंचं मशीन गेलं, ज्याची कॉपी झालीच नव्हती.

मंदाताई साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान अशोकराव आमच्याच ड्रॉइंग सेक्शनला होते. ते हार्ट अटॅकने अचानक गेले, तेव्हा कंपनीने ताईंना टायपिंगला घेतलं. नोकरी अजून कच्ची होती. परदेशी जाणाऱ्या एका मशीनचं मॅन्युअल त्या कित्येक महिने टाइप करत होत्या. सोमवारी ते मशीन घेणारी पार्टी येणार होती. मॅन्युअल वेळेत झालं तर ताई पर्मनंट, असं साहेबांनी सांगितलेलं. नाही झालं तर भाड्याची खोली सोडून, दोन मुलींना घेऊन गावी.

"साहेब, नंबर बघूनच मारला ना मी फॉरमॅट," नीलेशचा चेहरा उतरला होता.

ताई रडल्या नाहीत. "थोडी पानं छापलेली हायेत. बसते पुन्हा टाइप करत," एवढंच म्हणाल्या. मला तेच जास्त लागलं.

निदान आता टाइप होईल ते तरी सर्व्हरवर पडू दे, म्हणून मी त्यांचं फोल्डर उघडलं. ते रिकामं असायला हवं होतं. त्यात अख्खं मॅन्युअल होतं... दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ताईंनी केलेल्या दुरुस्त्यांसकट.

नीलेशने आईची शपथ घेतली की त्याने कॉपी केलेलं नाही. मी तर हातही लावला नव्हता. फायली सर्व्हरवर आल्याची वेळ दसऱ्याच्या दुपारची होती, म्हणजे सगळी कंपनी अंधारात असतानाची. मग मी फायलींचा मालक बघितला. कॉपी करणाऱ्याचं नाव तिथे दिसतं. दिसत होतं ते एवढंच — अकाउंट अननोन. ज्याचं खातं डिलीट झालंय, त्याच्या फायलींवर असं येतं.

त्या सर्व्हरवरून तोवर मी एकच खातं डिलीट केलं होतं. अशोकरावांचं.

ताईंना सांगावं की नाही, कळेना. मॅन्युअल पार्टीच्या हातात पडलं, ताई पर्मनंट झाल्या, मग एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलंच.

"घरात कदी कपभर च्या करून दिला नाही त्यांनी," पदराने डोळे पुसत त्या हसल्या. "हितं बरा हात लावला."

सर्व्हरचं घड्याळ चुकलं असेल, विंडोज गंडलं असेल, असं मित्र म्हणतात. असेलही. पण ज्या मशीनची कॉपीच झाली नाही, त्याच्या फायली तिथे आल्या कशा, हे कोणालाच सांगता आलेलं नाही. मलाही नाही. ताई त्याच कंपनीतून रिटायर झाल्या, मुलींची लग्नं तिथल्याच पगारावर झाली. अशोकरावांशी माझं बोलणं जेमतेम प्रिंटर चालू आहे का, एवढंच असायचं. त्यांचे आभार कुठे जाऊन मानायचे ते माहीत नाही... म्हणून इथे मानतो.