कुंडीतलं निळसर गवत

ह्यांच्या तेराव्याचे पाहुणे गेले, तशी धाकटी नणंद मातीनं माखलेल्या हातांनी गच्चीतून खाली आली. “वहिनी, कुंड्यांत केवढं गवत माजलं होतं! सगळं उपटून टाकलं.”

ते शोभेचं गवत होतं. बुटकं, निळसर. ह्यांनी नर्सरीतून हौसेनं आणलेलं. दर रविवारी मिशीच्या कात्रीनं त्याचे शेंडे कापत बसायचे. “बरं केलंस,” मी म्हटलं आणि चहा टाकला.

तण आणि बाग यांत फरक तरी काय? रोज वाकून बघणारं कुणी असतं, एवढाच.

संध्याकाळी ह्यांचं दाढीचं सामान आवरताना त्या कात्रीत अडकलेलं एक वाळकं पातं दिसलं. काढावंसं वाटलं नाही, जपावंसंही वाटलं नाही. कात्री मिटली आणि होती तिथे ठेवली.