संजूचा डबा

चहा घेत घेत ऐका, पण आधी एक खुलासा करतो. हा मूर्खपणा मी घाईत केलेला नाही. पूर्ण विचार करून, सर्व बाजू तपासून आणि अत्यंत सावधपणे केलेला आहे. उतावळी माणसेच चुका करतात, हा समज तुम्हीही बाळगत असाल, तर ऐकून झाल्यावर तो सोडून द्याल.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतो. वडील निफाड तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक. गाव त्यांना गुरुजी आणि आईला माई म्हणते; आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. नाशकात कॉलेज रोडच्या मागे माझी एक खोली आहे, आणि धाकटा भाऊ संजू बारावी सायन्सला आला तेव्हा अण्णांनी त्याला तिथे माझ्या हवाली केले. 'हवाली' हा शब्द त्यांचाच. जाताना म्हणाले, "दिनू, याच्याकडे लक्ष ठेव. तुझ्यासारखा झाला नाही तरी चालेल, निदान पास होऊ दे."

आमच्या भागातल्या मुलांना एसटी जेवू घालते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आई सकाळी डबा भरते, घरातले कुणीतरी तो फाट्यावर आणते, ड्रायव्हर तो आपल्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवतो आणि मुले सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती स्टँडवर, जाऊन उतरवून घेतात. इंजिनाच्या उबेने भाजी नाशिकपर्यंत गरम राहते. दुपारच्या फेरीला रिकामा डबा त्याच वाटेने परत. आमच्या गाडीचे ड्रायव्हर नामदेवमामा. त्यांना प्रत्येक डबा कुणाचा हे माहीत असते, आणि आत काय आहे हेही, कारण वास सगळ्या गाडीला येतो.

सुरुवातीला आम्हा दोघांत एकच मोठा डबा येई. मी प्रयोगशाळेतून परतेपर्यंत संजू तो संपवून टाके. मी तक्रार केली. आईने दोन डबे घेतले आणि झाकणांवर नावे कोरून आणली. माझा डबा मी जेवल्यावर घासूनपुसून पाठवत असे. आमच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीसुद्धा न धुता ठेवली तर सर ओरडतात. संजूचा डबा मात्र जाई तसाच खरकटा. कारले असेल तर ते तळाच्या पुड्यात, वर भाकरीचे तुकडे झाकून. आई निरोप पाठवून थकली. मी त्याच्या डब्याला हात लावत नसे. ज्याचे उपकरण त्याने धुवावे, हे माझे तत्त्व.

पहिल्या सहामाहीत संजू फिजिक्स आणि केमिस्ट्रीत नापास झाला. केमिस्ट्रीत, माझ्या खोलीत राहून. अण्णा सुट्टी टाकून आले, कॉलेजात जाऊन सगळे समजून घेतले. मुलगा महिनाभर वर्गातच नव्हता. तिथल्याच आवारात, मुले येत-जात असताना, ते संजूला म्हणाले, "शिकायचं नसेल तर मला तोंड दाखवू नकोस. घरी येऊ नकोस." आवाज चढवला नाही. अण्णा वर्गातही कधी चढवत नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्त लागते.

दुसऱ्या दिवशी संजूने पेटी भरली.

"दादा, मी अंबडच्या एमआयडीसीत चाललो. एका वर्कशॉपमध्ये लेथवर घेतायत शिकाऊ म्हणून. महिनाभर तिथंच जात होतो."

"अरे पण बारावी?"

"नाही जमत मला. तुला नळ्या आवडतात, मला मशीन आवडतं. त्यात काय एवढं?"

"अण्णांना काय सांगू?"

"काहीच सांगू नको. त्यांनीच तोंड दाखवू नको म्हटलंय. नाही दाखवत." पेटी उचलून तो दारात क्षणभर थांबला. "पत्ता देऊन ठेवतो. लागला तर."

आता माझी विचारपद्धती पाहा. मुलगा सतरा वर्षांचा आहे, रागात आहे, आठवडाभरात परत येण्याची शक्यता बरीच आहे. अपुऱ्या निरीक्षणांवरून घरी कळवले आणि तो परतला, तर अण्णांना उगाच धक्का बसेल. म्हणून निष्कर्ष पक्का होईपर्यंत थांबावे. यात काही चूक दिसते का? मलाही दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सीबीएसवर दोन डबे आले.

एक डबा भरलेला परत पाठवणे म्हणजे बातमी पाठवणेच. फेकून द्यावे, तर आईच्या हातचे अन्न. म्हणून मी दोन्ही डबे खाल्ले. दोन्ही घासले, पुसले, उन्हात वाळवले आणि दुपारच्या गाडीला नामदेवमामांच्या स्वाधीन केले. मामांनी संजूच्या डब्यावरून बोट फिरवले.

"आज काय सणबिण हाय का?"

"का हो?"

"काय नाय. चमकतोय लय."

मला ती प्रशंसा वाटली.

आठवडा गेला. संजू आला नाही. पुढचा आठवडाही गेला. आता मात्र पेच वाढला. आज सांगितले तर 'इतके दिवस का सांगितले नाही' हा प्रश्न आला असता आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. म्हणून मी आणखी थांबलो. दर दिवसागणिक तो प्रश्न मोठा होत गेला आणि दर दिवसागणिक थांबणे अधिक आवश्यक ठरत गेले. प्रॅक्टिकलचे कारण सांगून मी स्वतःही घरी जाणे बंद केले.

इकडे संजूच्या डब्यात चमत्कारिक बदल होऊ लागले. एकदा त्यात नुसतेच कारले आले. माझ्या डब्यात वांगे, त्याच्यात कारले. मी डोळे मिटून खाल्ले. तीन दिवसांनी पुन्हा कारले. पुन्हा खाल्ले. संजू सुधारला म्हणून आई सुखावत असेल, अशी माझी समजूत. मग तूप वाढले. मग शेंगदाण्याचे लाडू. मग भाकरी चुरून, दूध घालून, जसे आजाऱ्याला देतात तसे. हेही खाल्ले. प्रयोगशाळेतले मित्र म्हणू लागले, "दिन्या, तुझा प्रबंध जाड होतोय की तूच?" विजारीचे बटण तुटून चंचुपात्रात पडले, तो प्रयोग मला पुन्हा करावा लागला.

नामदेवमामा रोज एकच विचारत. "धाकला बरा हाय ना?"

"बरा आहे. क्लासला गेलाय."

"माई इचारत व्हत्या."

"क्लासला गेलाय म्हणून सांगा."

"रोज तेच सांगतो, गुरुजींच्या पोरा," मामा म्हणत आणि माझ्याकडे न पाहता गाडी सुरू करत.

थंडी पडली. निफाडची थंडी तुम्हाला सांगायला नको. तिकडे सकाळी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. एक दिवस डब्यांबरोबर एक पिशवी आली. आत नवा विणलेला स्वेटर. "संजूसाठी हाय," मामा म्हणाले. "माईंनी सांगितलंय, नाय बसला तर माघारी धाडा."

डबा खाऊन टाकता येतो. स्वेटरचे काय करणार? मला तर तो खांद्यातही शिरला नसता. तेव्हा कुठे मी पत्त्याचा कागद शोधला आणि अंबडची बस धरली.

पत्र्याच्या शेडमागे एका खोलीत चौघे राहत होते. संजू खाटेवर बसलेला. आधीच काटकुळा, त्यात आणखी वाळलेला. उजव्या हाताच्या तर्जनीला पांढरी पट्टी, आणि ते बोट इतर बोटांच्या मानाने आखूड दिसत होते.

"हे काय?"

"मशीननं घेतलं टोक. झाली आता जुनी गोष्ट. आठवडाभरात परत कामावर जाईन." तो माझ्याकडे पाहत राहिला. "तू बराच जाड झालास, दादा."

मी स्वेटर पुढे केला. त्याने तो मांडीवर घेतला, पण घातला नाही.

"आईनं पाठवला? म्हणजे त्यांना माहितीय मी इथं आहे ते?"

"नाही. मी सांगितलं नाही. तूच म्हणाला होतास."

संजूने स्वेटरची घडी मोडली. मग म्हणाला, "तू सांगितलंच नाहीस?"

"तू म्हणाला होतास, काही सांगू नको."

"अरे, मी म्हणालो होतो! पण तू आयुष्यात कधी कुठली गोष्ट अण्णांना सांगायची ठेवलीस? मी बिडी ओढली ते तू सांगितलंस, मी आंबे चोरले ते तू सांगितलंस. मला वाटलं, मी कोपऱ्यावर पोचायच्या आत तू कार्ड टाकशील. म्हणून तर पत्ता दिला." स्वेटरची बाही तो बोटांनी कुस्करत होता. "दर रविवारी खोलीवरच बसून राहत होतो. हे तिघं फिरायला जायचे. मी म्हणायचो, माझ्याकडे माणसं येणारेत. बोट तुटलं तेव्हा वाटलं, आता तरी येतील. मग वाटलं, अण्णांनी नाव टाकलं आपलं."

मी तुम्हाला सुरुवातीला हसायला मनाई केली नव्हती. इथे मात्र मलाही हसू येत नाही.

त्याच दुपारी मी गावची गाडी पकडली. वाटेत निवेदन तयार केले: आधी पार्श्वभूमी, मग घटनाक्रम, शेवटी बोटाचा विषय, तोही हळूहळू. अंगणात अण्णा सायकलची चेन बसवत होते. रोज सकाळी ते दोन्ही डबे याच सायकलीला अडकवून फाट्यावर नेत. मला एकट्याला पाहून त्यांच्या हातातली चेन खाली पडली. आई ओट्यावरून उठली आणि खांबाला धरून तशीच उभी राहिली.

"आई, संजूबद्दल थोडं सांगायचं होतं. म्हणजे असं की, सहामाहीनंतर..."

"हाय का?" आई म्हणाली.

"काय?"

"पोरगं हाय का माझं? एवढंच सांग."

"आहे. आहे ना. अंबडला आहे. लेथवर काम करतो."

आईने खांब सोडला. अण्णांनी ग्रीसचे हात तसेच धोतराला पुसले. असे करताना मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारले.

"तो तिथं नाय हे पहिल्याच दिशी कळलं," आई म्हणाली. "डबा धुतलेला आला. माझ्या संज्यानं जन्मात डबा धुतलाय का? तरी म्हटलं, बघू. कारलं दिलं. तेबी खाल्लेलं. मग काय इचारायचं राहिलं?"

"आणि मी कॉलेजात जाऊन आलो," अण्णा म्हणाले. "नाव कमी केल्याचं समजलं. तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आलो होतो."

"मग आत का नाही आलात? मला का नाही विचारलंत?"

अण्णांनी पडलेली चेन उचलली. उत्तर आईने दिले.

"संज्या खोटं बोलला असता, तर कान धरून इचारलं असतं. त्याचं खोटं सवयीचं हाय. पण तू लपवतोयस! तू तर जन्मात कधी कायबी लपवलं नाय. म्हटलं, दिनूनं तोंड मिटलंय म्हंजी सांगण्यासारखं कायच उरलं नसंल. पोरगं आजारी हाय, नायतर जेलात हाय, नायतर... इचारायची भ्या वाटायची. म्हनून डबा भरायचा. रिकामा येतोय तवर काय नाय झालं, असं समजायचं. शेवटी सोटर धाडला. म्हटलं, अन्न कुणीबी खातं. सोटर माघारी आला, की समजून जायचं."

घरात खोटे न बोलणारा मुलगा म्हणून माझी जी प्रतिष्ठा होती, तिचा हा असा उपयोग झाला.

मग अण्णांनी विचारले, "बरा आहे ना पण?" मी बोटाबद्दल सांगितले. हळूहळू सांगायचे ठरवले होते, ते एका वाक्यात सांगून टाकले. ते आत गेले आणि सदरा बदलून आले. आई म्हणाली, "आता गाडी कुठली? सकाळी जावा." तेव्हा ते बाकावर बसले, पण सदरा काही उतरवला नाही.

सकाळी नामदेवमामांच्या गाडीत इंजिनाजवळच्या सीटवर अण्णा होते आणि मांडीवर संजूचा डबा. अंबडच्या त्या खोलीत दोघे काय बोलले हे मला ठाऊक नाही. मी बाहेर उभा होतो. तासाभराने आत गेलो तेव्हा संजूच्या अंगात स्वेटर होता, अण्णा त्याच्या डाव्या बाजूला बसून भाकरी मोडून देत होते आणि कारले तळाच्या पुड्यात, तुकड्यांखाली दडवलेले होते.

संजू चार दिवस घरी राहिला. शिकायला परत ये, असे अण्णा एकदाही म्हणाले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी त्याची पेटी स्वतः सायकलला बांधली आणि सायकल फाट्यापर्यंत ढकलत नेली. "लेथच्या मालकाला सांग, गार्ड लाव म्हणावं मशीनला," एवढेच बोलले. गाडी हलल्यावर आई म्हणाली, "गेलं एकदाचं." पहिल्यांदा गेला तेव्हा तिला हे म्हणायलाही मिळाले नव्हते.

आता संजू अंबडलाच खानावळीत जेवतो. सीबीएसवर एकच डबा येतो, माझा. पण त्याला आईने एक अट घातली आहे: डबा धुवायचा नाही. जसा असेल तसा खरकटा पाठवायचा. मी कढीपत्ता आणि मिरची बाजूला काढतो हे तिला माहीत आहे. ते दोन्ही पुड्यात दिसले की मीच जेवलो अशी तिची खात्री पटते. रसायनशास्त्रातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने रोज घाणेरडे भांडे चारचौघांत ड्रायव्हरच्या हाती द्यावे, ही शिक्षा किती मोठी आहे, हे तुम्हाला कळायचे नाही.

परवा प्रयोगशाळेतून येऊन जेवलो, डोक्यात दुसरेच काही होते, आणि हाताने आपल्या सवयीने डबा घासून टाकला. लक्षात आले तोवर डबा दुपारच्या गाडीने निघून गेला होता.

काल सकाळी सीबीएसवर गेलो. नामदेवमामांच्या शेजारी माझा डबा नव्हता. दार उघडले आणि अण्णा उतरले. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले, माझी बोटे पाहिली आणि म्हणाले, "सांग आता. काय लपवतोयस?"