वहिनीचा काढा मी प्यायले

मोठ्या भावाचं लग्न झालं तेव्हा मी सातवीत होते. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचं गाव मेहकर तालुक्यात, जानेफळपासून कोसभर आत. वहिनी अठराची आणि मी तेराची, तरी ती मला अहोजाहो करायची, कारण मी नणंद. मला ‘बाई’ म्हणायची. घरात मला मान देणारं ते एकमेव माणूस होतं आणि मी त्या मानाचा पुरेपूर फायदा घेतला.

माझ्याकडे घरातलं एकच पक्कं काम होतं, वहिनीची सोबत. बायकांची गोदरी, म्हणजे परसाकडेला बसायची जागा, गावाच्या खालच्या अंगाला नाल्याकाठी होती. तिथे पहाटे एकदा आणि दिवेलागणीला एकदा सगळ्या मिळून जात. मधल्या वेळी लघवीला जायचं तर गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीआड, आणि तिथे पोचायला ओसरी ओलांडावी लागे. ओसरीवर वडील आणि त्यांच्याकडे आलेली चार माणसं कायम बसलेली. नवी सून एकटी त्यांच्यासमोरून गोठ्याकडे निघाली तर ती कशाला निघाली हे सगळ्यांना कळणार. पण सोबत नणंद असली आणि हातात टोपली असली, तर ती शेण भरायला निघाली असं सगळे धरून चालत. कोणी फसत नव्हतं, पण सगळ्यांची अब्रू राहत होती. न्हाणी होती, पण तिचं पाणी दारातल्या तुळशीला जाई. तिथे फक्त आंघोळ, असा मायचा सक्त नियम होता.

म्हणजे वहिनीची लघवी माझ्या मर्जीवर होती. आज हे लिहिताना शब्द ओबडधोबड वाटतात, पण वस्तुस्थिती तीच आहे.

सुरुवातीचे दोनेक महिने मी नीट गेले. मग चैत्राचं ऊन तापलं, शाळा सकाळची झाली, आणि दुपारभर मी शेजारच्या ओट्यावर सागरगोटे खेळायला बसू लागले. वहिनी आतल्या दाराशी यायची, टोपली कमरेला लावून उभी राहायची.

“बाई, चालता का?”

“हा डाव होऊ द्या.”

डाव व्हायचा, दुसरा सुरू व्हायचा. कधी मी जायचे, कधी नाही. एका दुपारी ती दुसऱ्यांदा आली तेव्हा मी हरत होते आणि चिडलेली होते. मी ओट्यावरूनच मोठ्यानं म्हणाले, “आताच तं गेलो होतो ना वं वैनी! तुमच्या पोटात काय विहीर हाये का?”

पोरी खो खो हसल्या. एकीनं पुढे जोडलं, “मोट लावा मोट, वावर भिजन!” पलीकडे ओसरीवर कोणीतरी खाकरलं. वहिनीनं पदर पुढे ओढला आणि आत गेली. त्या दिवसानंतर तिनं मला दुपारी कधी बोलावलं नाही.

मला बरंच वाटलं. खेळ मोकळा झाला. ती आता का येत नाही, हे कळायला मला आठवडा लागला. जेवायला बसली की ती तांब्या तोंडाला लावायची आणि तसाच खाली ठेवायची. चुलीपुढे बसून घामानं चिंब व्हायची, पण पाणी प्यायची नाही. आत गेलंच नाही तर बाहेर येणार नाही, असा तिचा साधा हिशेब. मी हे पाहिलं, मला समजलं आणि मी गप्प राहिले.

मग तिला उन्हाळी लागली, लघवीला जळजळ. सांगितलं तिनं नाहीच. पहाटे गोदरीतून परत येताना ती दोनदा वाटेत थांबली, ओठ दाबून उभी राहिली, ते मायनं पाहिलं.

“काऊन वं, जळजळते का?”

वहिनीनं मान हलवली.

“मंग सांगाले काय झालं होतं? दोन दिवसात मोकळी होशीन. काढा करतो.”

मायच्या काढ्याला आसपास नाव होतं. पार सुलतानपूरकडूनही बाया यायच्या, पदराआड तोंड धरून हळूच सांगायच्या, आणि पुडी घेऊन जायच्या. दिवाळीनंतर ती बांधाबांधानं फिरून सराटे गोळा करायची. ज्या काट्यांना आम्ही पोरं शिव्या देत होतो, ते ती सुपात घेऊन सावलीत वाळवायची आणि गाडग्यात भरून ठेवायची. काढा करायचा तेव्हा मूठभर सराटे खलात जाडेभरडे कुटायची, त्यात धने टाकायची, आणि मंद जाळावर पाणी आटवत बसायची. पातेल्याच्या आतून किती बोटं पाणी उतरलं यावर तिची नजर असे. मग फडक्यातून गाळून त्यात खडीसाखर. सकाळी एक लोटी, दुपारी एक लोटी. वर दिवसभर धन्याचं पाणी.

काढा वहिनीच्या हातात देऊन माय वावरात गेली. वहिनी लोटीकडे बघत बसली. मी तिथेच होते.

“प्या ना,” मी म्हटलं.

“हे पेलं तं घडीघडी जा लागन, बाई.” मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही पेता का? गोड हाये. खडीसाखर हाये त्यात.”

तिनं असं म्हटल्यावर मी काय करायला हवं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. ‘प्या तुम्ही, मी येतो सोबत,’ एवढंच म्हणायचं होतं. मी लोटी घेतली आणि पिऊन टाकली. चव वाईट नव्हती. धन्याचा वास, मागून थोडा तुरटपणा आणि खूप गोड. दुपारचीही मीच प्यायले. मला खडीसाखर मिळत होती आणि तिला गंजीआड जावं लागत नव्हतं. दोघींचं भागलं.

तिसऱ्या दिवशी मायचं कपाळ आठ्यांनी भरलं. “रिकामी लोटी तं रोज पाह्यतो मी. उतार काऊन नाही पडून राह्यला?” तिनं सराटे वाढवले. वाळवलेली पळसाची फुलं उकळून ओटीपोटावर शेक दिला. कोणाकडून तरी मक्याच्या कणसाचे केस मागून आणले आणि तेही काढ्यात टाकले. काढा सगळा माझ्याच पोटात जात होता, त्यामुळे गंजीआड दिवसातून दहा वेळा मीच पळत होते. एकदा मायनं मला अडवलं.

“तुले काय झालं वं पोरी? तुलेबी उन्हाळी लागली का?”

“नाही. कैऱ्या खाल्ल्या.”

“कैऱ्या खाऊन घडीघडी मुताले लागते, हे नवीनच!”

वहिनी पदरात तोंड खुपसून हसली. मीही हसले. त्या आठवड्यात आम्ही दोघी प्रथमच मैत्रिणींसारख्या वागलो. हे मला आजही सर्वांत जास्त टोचतं.

सहाव्या दिवशी वहिनीला हुडहुडी भरली. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. कमरेतून कळ येत होती, तिला सरळ पडवत नव्हतं. भावानं दमणी जुंपली आणि आम्ही तिला मेहकरला दवाखान्यात नेलं. मला सोबत नेलं, कारण सोबत हे माझं काम होतं.

डॉक्टरांनी तपासलं आणि मायला विचारलं, “पाणी भरपूर पीत होती का? काही औषध दिलं?”

“सहा दिवस काढा देला, डॉक्टरसाहेब. दोन वक्त. माह्या हातानं.” माय हे अभिमानानं नाही, पण खात्रीनं म्हणाली.

वहिनीनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे. डॉक्टर म्हणाले, “मग त्या काढ्यानं काही झालं नाही. आधी आणायला पाहिजे होतं, आजी. जंतू वर मूत्रपिंडापर्यंत गेले.” ते रागावले नव्हते. माय तेव्हा चाळीस वर्षांचीही नव्हती, पण ‘आजी’ म्हटलेलं तिला कळलंच नाही. ती हाताकडे बघत होती.

इंजेक्शनांनी वहिनी वाचली. दहा दिवसांनी तिचे वडील तिला माहेरी न्यायला आले. जाताना ओसरीवर सगळ्यांदेखत मायला म्हणाले, “आमची पोर काय जडीबुटी करून पाह्यासाठी देली होती का तुमाले?” माय म्हणाली, “चुकलं माह्यं.” तिनं असं म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दमणी गेल्यावर तिनं सराट्याचं गाडगं उचललं आणि उकिरड्यावर पालथं केलं.

वहिनी माहेराहून आली तेव्हा तिनं हाक मारायच्या आत मी टोपली घेऊन उभी राहू लागले. उशिरा आलेलं शहाणपण होतं, पण तिच्या उपयोगी पडलं. मायच्या उपयोगाचं जे होतं ते मी केलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात एक बाई लेकीला घेऊन दुपारची पायी आली. लेक दारातच भिंतीला टेकली, तिला उभं राहवत नव्हतं. मी मायजवळ शेंगा फोडत बसले होते.

“मले नाही समजत वं माय त्यातलं काही,” माय म्हणाली. “दवाखान्यात ने.”

“एवढ्या दूर कोण नेते बाई? तुमच्याच काढ्यानं माही जाऊ बरी झाली होती.”

“तेव्हा झाली असन.”

त्या गेल्या. उन्हातून दोघी जाताना मला दारातून दिसत होत्या. मी शेंगा फोडत राहिले. अशा आणखीही आल्या. मी बोलले नाही, वहिनीही नाही. ती सून होती, तिला जड होतं. मला काहीच जड नव्हतं. फार तर दोन रपाटे बसले असते.

मी मायला सांगितलं ते थेट माझी लेक शाळेत जायला लागल्यावर. माहेरी गेले होते, आम्ही दोघी डाळ निवडत होतो. मी सरळ सांगून टाकलं, विहिरीच्या टोमण्यापासून शेवटच्या लोटीपर्यंत. मी पुढे हेही म्हणाले, की काढ्यानं वहिनी बरी झालीच असती असं नाही, ताप आल्यावर दवाखानाच पाहिजे होता. पण तो काढा तिच्या पोटात एक थेंबही गेला नव्हता.

मला वाटलं ती वहिनीबद्दल विचारेल, नाहीतर मला बोलेल. तिनं सूप खाली ठेवलं.

“मंग मी ज्या बाया वापस धाडल्या, त्या?”

मी डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“एक त्या दिवशी उन्हात आली होती. लेकीले घेऊन. तू होती तठीसा.”

“हाव.”

“तिचं काय झालं, मालूम हाये तुले?”

“नाही.”

“मलेबी नाही,” माय म्हणाली, आणि पुन्हा डाळीत बोटं घातली.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, मला तरी सांग काढा कसा करायचा, मी लिहून ठेवते. सराटे किती, धने किती, पाणी किती आटवायचं. तिनं तळहात उघडून त्यात नसलेले सराटे धरल्यासारखा केला, थोडी मूठ मिटली, पुन्हा उघडली. “हाताले मालूम होतं,” ती म्हणाली. “आता नाही सांगता येत.” मी आणलेल्या वहीत धने आणि सराटे एवढेच दोन शब्द लिहिले. त्यांच्यापुढची जागा कोरी आहे.